घरातल्या घातक कचऱ्यासाठी गोव्यातील पंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच व पंच सदस्य,
गोव्यातील सर्व १९१ ग्रामपंचायती

सन्माननीय सरपंच व पंच मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पंचायतीची गाडी ठरल्या वारी वाड्यावर येते आणि ओला-सुका कचरा घेऊन जाते. पण अर्धा उरलेला ऑइल पेंटचा डबा, फुगलेली पॉवर बँक, इन्शुलिनच्या सुया, माळ्यावर सापडलेली उंदरांच्या विषाची पुडी यांचे काय करायचे, हे गाडीवरच्या कामगाराला कोणी सांगितलेले नसते आणि घरमालकालाही नाही. मग या वस्तू तीन ठिकाणी जातात : सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी, परसातल्या खड्ड्यात, किंवा न्हाणीच्या चुलीत. पिशवीतली वस्तू कामगाराच्या हाताला लागते, खड्ड्यातली विहिरीत उतरते आणि चुलीतली घरातल्यांच्या छातीत जाते.

आमची मागणी एकच आहे. या कचऱ्यासाठी प्रत्येक पंचायतीत एक कुलूपबंद जागा असावी आणि तो घेण्याचे दिवस जाहीर केलेले असावेत. बाकी सारे पत्र ही जागा कशी असावी आणि तो दिवस येईपर्यंत घरमालकाला काय सांगावे, याबद्दल आहे.

ही मागणी नवी नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा ओल्या-सुक्यापासून वेगळा, तिसरा प्रकार ठरवला. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल व ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज यांची नावे त्या व्याख्येतच दिली आहेत. शहरांत दर वीस चौरस किलोमीटरमागे एक जमा केंद्र असावे आणि त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असेही त्याच नियमांत होते. जनगणना नगरे असलेल्या, म्हणजे जनगणनेने शहरी ठरवलेल्या पण पंचायतीच चालवतात अशा गावांच्या पंचायतींवर स्थानिक संस्थांइतकीच जबाबदारी टाकली होती आणि २०११ च्या जनगणनेत गोव्यातली पन्नासाहून अधिक गावे जनगणना नगरे ठरली. २०२६ च्या नव्या नियमांत याच कचऱ्याला ‘विशेष काळजीचा कचरा’ म्हणून स्वतंत्र प्रवाह दिला आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्याला वीसने भागले तर १८५ येतात. म्हणजे शहरांसाठी सांगितलेले माप साऱ्या राज्याला लावले तरी जवळजवळ पंचायतीमागे एक केंद्र, एवढेच काम आहे.

पुढची व्यवस्था राज्यात उभी आहे, हे आवर्जून सांगायला हवे. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी कुंडईला सामाईक प्रकल्प आहे. घातक कचऱ्यासाठी सत्तरीत पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत प्रकल्प आहे. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ आहे. तुटलेली आहे ती घराच्या पायरीपासून पंचायतीच्या शेडपर्यंतची कडी आणि ती जोडणे पंचायतीच्याच हातात आहे.

गोव्यात हे काम इतर ठिकाणांपेक्षा तातडीचे का, याचे कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातल्या भोकांतून आणि भेगांतून पाणी मातीच्या थरातून झिरपावे तसे सावकाश जात नाही, वाट मिळेल तिकडे भराभर उतरते. त्यात एकाच आवारात विहीर, सेप्टिक टाकी आणि सोकपिट (सांडपाणी मुरवायचा खड्डा) असे तिन्ही असतात. जूनपासून पाऊस धरला की विहिरीची पातळी पार वर येते आणि उन्हाळ्यात खड्ड्यात ओतलेला थिनर किंवा कीटकनाशक पाण्याच्या अगदी जवळ पोचते. ब्लीचिंग पावडर टाकून विहिरीतले जंतू मरतात. शिसे, पारा किंवा कीटकनाशक जात नाही. उकळूनही जात नाही.

आता एकेका वस्तूकडे वळतो. इथला मजकूर जसाच्या तसा पंचायतीच्या फलकावर लावायला आमची हरकत नाही.

आकारमानाने सहसा सर्वांत जास्त निघतात ते रंगाचे डबे आणि चतुर्थीच्या तोंडावर घरे रंगवली जातात तेव्हा त्यांत भरच पडते. आधी दोन प्रकार वेगळे ओळखावेत. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्यात कालवता येतात. ऑइल पेंट, प्रायमर, वॉर्निश यांना थिनर लागतो. पाण्यातला रंग थोडा उरला असेल तर झाकण काढून वाऱ्याच्या, सावलीच्या जागी वाळू द्यावा. पाव लिटरहून अधिक असेल तर त्यात तेवढाच लाकडाचा भुसा किंवा सुकी वाळू कालवावी. दोन-तीन दिवसांत गोळा होतो. हे काम पावसाआधी उरकावे, जुलैच्या दमट हवेत तो आठवडाभरही ओलाच राहतो. घट्ट झालेला रंग डब्यासकट जमा केंद्रात द्यावा, पण झाकण वेगळे काढून, म्हणजे आत काय आहे ते कामगाराला दिसते. बंद झाकणाचा डबा सुक्या कचऱ्यात टाकला तर गाडीच्या दाबात फुटतो आणि त्या दिवसाचा सगळा सुका कचरा वाया जातो.

ऑइल पेंट मात्र असा वाळवू नये. त्याची वाफ पेटते आणि वर साय धरून आत तो वर्षानुवर्षे ओला राहतो. डब्याच्या कडेवरचा रंग पुसावा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालावा आणि लाकडाच्या ठोकळ्याने कडेकडेने ठोकून ते बसवावे. डबा क्षणभर उलटा केला की रंग कडेला लागून हवा बंद होते. मग सुलटा ठेवावा आणि बाहेर छटा व महिना लिहावा. चांगला रंग असेल तर सर्वांत उत्तम विल्हेवाट म्हणजे तो वापरून टाकणे : फाटक, शाळेचे बाक, देवळाच्या आवारातली लोखंडी जाळी. खरेदी करतानाच हिशेब केला तर उरतही नाही. इमल्शनच्या एका लिटरात दोन हात मारून साधारण साठ-सत्तर चौरस फूट भिंत होते. भिंतीचे माप न घेता दुकानात गेले की एक डबा जास्त येतोच.

ब्रश धुतलेला थिनर नाल्यात किंवा संडासात ओतू नये. सेप्टिक टाकीतले जिवाणू त्याने मरतात, टाकी काम करेनाशी होते आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टाकीत साचून राहते. झाकण उघडताना जवळ ठिणगी असली तर भडका उडतो. तो काचेच्या बाटलीत भरून दोन दिवस स्थिर ठेवावा. रंग तळाला बसतो, वरचा स्वच्छ थिनर पुन्हा वापरता येतो, खालचा गाळ जमा केंद्रात द्यावा. दाराला अळशीचे तेल लावलेल्या चिंध्यांबाबत फारसे कोणाला ठाऊक नसते : त्यांचा ढीग करून ठेवला तर सुकताना तेल आपोआप तापते आणि चिंध्या स्वतःहून पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी दोरीवर पसरून पूर्ण कडक वाळू द्यावी, मगच टाकावी.

याहून मोठा प्रश्न जुन्या रंगाचा आहे आणि यावर आम्ही जास्त लिहितो, कारण गोव्यात तो घरोघरी आहे. घरगुती रंगातले शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, हिरव्या छटांत, हे प्रमाण कितीतरी पट असू शके. जुन्या घरांच्या खिडक्या, दारे, बाल्कांवचे कठडे यांवर अशा रंगाचे थरावर थर आहेत. ते सुक्या पॉलिश पेपरने घासले किंवा ब्लोलॅम्पने जाळले तर शिसे बारीक धुळीत आणि धुरात जाते. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित मात्रा अशी काही नाही. म्हणून खाली ताडपत्री अंथरावी, पृष्ठभागावर पाण्याचा फवारा मारून ओलाच खरवडावा, सुतार-रंगाऱ्याने नुसता रुमाल न बांधता एन-९५ मास्क घालावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून काम संपेपर्यंत दूर ठेवावे. नंतर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खरवडलेले पापुद्रे दुहेरी पिशवीत बांधून जमा केंद्रात.

आणि ते लाकूड जाळू नये. जुनी खिडकी काढली की तिची फळकुटे न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली जातात; लाकूड वाया जाऊ नये हा विचार त्यामागे असतो आणि तो रास्तच आहे. पण शिसे जळून नाहीसे होत नाही. थोडे धुरातून घरात फिरते, उरलेले राखेत राहते. ती राख माडाच्या आळ्यात पडते किंवा तिने भांडी घासली जातात. रंगवलेले, वॉर्निश केलेले, प्लायवूडचे कोणतेही लाकूड चुलीत नको. पंचायतीने एवढा एकच संदेश प्रत्येक वाड्यावर पोचवला तरी पुष्कळ झाले.

पाऱ्याचे दिवे आता फारसे विकत घेतले जात नसले तरी कपाटावर, गॅरेजमध्ये, देवघराच्या माळ्यावर ते पडून आहेत. सीएफएलमध्ये साधारण पाच मिलिग्रॅमपर्यंत पारा असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून जास्त, जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम आणि रक्तदाब मोजायच्या पाऱ्याच्या उभ्या यंत्रात ऐंशी-शंभर ग्रॅमच्या घरात. अखंड दिवा मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभा ठेवावा. चार फुटी ट्यूबसाठी दोन्ही टोकांना टोपण लावलेला पीव्हीसी पाइप उत्तम. कामगाराने ट्यूब गाडीवर फेकली आणि ती फुटली की निघणारी पाऱ्याची वाफ तो श्वासाबरोबर घेतो. ट्यूब ‘रिकामी काच’ नसते, हे त्याला सांगणे पंचायतीचे काम.

दिवा घरात फुटला तर पंखा आणि एसी बंद करावे, खिडक्या उघडाव्यात, माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. झाडूने पारा पसरतो, व्हॅक्युममधून तो गरम हवेबरोबर खोलीभर उडतो. हातमोजे घालून दोन कडक पुठ्ठ्यांनी तुकडे उचलावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा, शेवटी ओल्या कागदाने पुसावे. हे सगळे, पुठ्ठे आणि कागद धरून, झाकणाच्या काचेच्या बरणीत. थर्मामीटर फुटला असेल तर आधी अंगावरचे सोने काढावे, पारा सोन्याला चिकटतो आणि दागिना खराब करतो. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला समांतर धरावा म्हणजे बारीक थेंबही चमकतात. ते पुठ्ठ्याने एकत्र आणून सुई नसलेल्या सिरिंजने ओढावेत आणि थोडे पाणी असलेल्या बरणीत सोडावेत. पाण्याखाली पाऱ्याची वाफ फार कमी होते. जुन्या घरांतल्या लाल सिमेंटच्या जमिनीला भेगा असतात. भेगेत गेलेला पारा निघत नाही. तिथे गंधकाची पूड भरून रात्रभर ठेवावी आणि मग ती खरवडून त्याच बरणीत टाकावी. बेसिनमध्ये पारा धुऊ नये. तो खालच्या वाकड्या नळीत बसून राहतो आणि वर्षानुवर्षे वाफ सोडतो.

सुयांबाबत गोव्याला हयगय करून चालणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. त्यांतले जे रोज इन्शुलिन टोचून घेतात आणि ग्लुकोमीटरने साखर तपासतात, त्यांच्या घरून वर्षाला शेकडो सुया आणि बोट टोचायच्या लॅन्सेट निघतात. आज त्यांतल्या बऱ्याचशा सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जातात आणि शेडमध्ये हाताने वेगळे करणाऱ्या बाईच्या बोटात शिरतात. तिच्यासाठी त्याचा अर्थ हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या, लागल्यास औषधे आणि निकाल येईपर्यंतची धास्ती.

घरात करायचे ते सोपे आहे. कपडे धुण्याच्या द्रव साबणाची किंवा फिनेलची जाड बाटली घ्यावी. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार येते. सुईला टोपण परत बसवायला जाऊ नये, बऱ्याच टोचण्या त्याच क्षणी होतात. पेनची सुई मात्र तिच्या बाहेरच्या मोठ्या टोपणात एका हाताने अडकवून फिरवून काढता येते. बाटली पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टीने गुंडाळावी आणि ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे. पंचायतीने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी लेखी व्यवहार करून या बाटल्या तिथे जमा होतील असे पाहावे. आरोग्य केंद्राच्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न येणाऱ्या डब्यातून सामाईक प्रकल्पात जातातच. त्यात गावातल्या बाटल्यांची भर पडली तर जास्तीची गाडी लागत नाही.

औषधांचे कामही त्याच आरोग्य केंद्राशी जोडून घ्यावे. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत. सेप्टिक टाकीतून त्या सोकपिटात आणि तिथून विहिरीकडे जातात. फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी चुकून घेतली तर जीव घेणारी मोजकी औषधे याला अपवाद आहेत, पण ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारावे. बाकीच्या गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात, फक्त रुग्णाचे नाव खोडावे. पाकिटातून काढून मिसळल्या की कोणती कुठली ते कळत नाही. अँटिबायोटिक आणि कर्करोगावरच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत. ओल्या कचऱ्यात तर औषध कधीच नको, ते खतातून पुन्हा भाजीत येते.

कुळागरे आणि काजूबागा असलेल्या पंचायतींत कीटकनाशकांचा भाग मोठा आहे. फवारणी संपली की बाटली लगेच, त्याच जागी, तीनदा खळखळून धुवावी : पाव भाग पाणी भरायचे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचे आणि ते पाणी पंपातच ओतून त्याच झाडांवर फवारायचे. धुतलेल्या बाटलीला खिळ्याने भोक पाडावे म्हणजे ती पुन्हा भरता येत नाही. हे सांगावे लागते, कारण अशा बाटल्यांत रॉकेल, खोबरेल, कधी फेणीही भरलेली आढळते. बाटली ओढ्यात किंवा विहिरीच्या कठड्यावर धुऊ नये. पोफळीच्या कोळेरोगासाठी केलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ते बिघडते, आणि मोरचूद पाण्यात गेले तर मासे मरतात. जेवढे लागेल तेवढेच कालवावे.

जुन्या घरांच्या माळ्यावर बीएचसीची भुकटी आणि एंडोसल्फानच्या बाटल्या अजून सापडतात. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणली. सापडले तर उघडू नये, वास घेऊ नये, डबा गंजला असेल तर तो तसाच दुसऱ्या मोठ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवावा. उंदरांसाठीची काळसर झिंक फॉस्फाइड भुकटी आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या यांना ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसांचे प्राण घेतो. या दोन्ही पाण्यात टाकू नयेत, ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, जाळू नयेत. सुक्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, घराबाहेर छपराखाली, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात ठेवून जमा दिवशी पहिल्यांदा त्या द्याव्यात.

बॅटऱ्यांचे दोन स्वभाव आहेत. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी जड असते, तिच्यात कित्येक लिटर गंधकाम्ल असते आणि तिला पैसे मिळतात. म्हणूनच ती दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे जाते. तो आम्ल गटारात ओततो आणि शिसे विकतो. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला द्यावी आणि बिलात तिची वजावट लिहून घ्यावी. उचलताना ती सरळ ठेवावी. आम्ल सांडले तर आधी खाण्याचा सोडा पसरावा, फसफस थांबली की भरपूर पाण्याने धुवावे. लिथियमच्या बॅटऱ्या, म्हणजे मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप, विजेच्या स्कूटर यांतल्या, आग लावतात. सुक्या कचऱ्याच्या गठड्या बांधताना दाबाखाली अशी एक बॅटरी चिरडली तरी शेड पेटू शकते आणि ती आग वरून विझल्यासारखी वाटली तरी तासांनी पुन्हा धरते. घरमालकाने दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. सुकी वाळू असलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवावी. घड्याळाच्या बटणासारख्या बॅटरीला दोन्ही बाजूंनी पट्टी लावावी. मुलाने ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, अशा वेळी उलटी करवू नये, थेट इस्पितळात न्यावे.

सफाईच्या बाटल्यांबद्दल एकच पण जीवघेणी गोष्ट : उरलेले सगळे एका बादलीत ओतून संपवू नये. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर रॉकेल, तेल, थिनर यांच्याजवळ ठेवू नये, पेट घेऊ शकते. बाटली तिच्या मूळ लेबलासह द्यावी. लेबल गेले असेल तर ‘माहीत नाही’ असे लिहून द्यावे, अंदाज लिहू नये.

स्कूटर आणि होडीच्या इंजिनाचे काळे तेल वाळवी लागू नये म्हणून खांबांना आणि कुंपणाला लावायची रीत आहे. ते पहिल्या पावसात धुऊन जमिनीत उतरते. ते गॅरेजमध्येच सोडावे. ॲस्बेस्टॉसचे जुने सिमेंट पत्रे फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत आणि तुकडे भराव म्हणून पायवाटेत घालू नयेत. जुने टीव्ही, संगणक महामंडळाच्या इ-कचरा मोहिमेत किंवा अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यावेत.

आता केंद्राचे. यासाठी मोठी इमारत लागत नाही, दहा फूट बाय आठ फुटांची खोली पुरते. पण ती सुक्या कचऱ्याच्या शेडला चिकटून नसावी, विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी आणि जोते पुराच्या खुणेपेक्षा दीड फूट तरी उंच असावे. जमीन सिमेंटची गुळगुळीत, दाराशी चार इंचांचा उंबरठा, म्हणजे सांडलेले आतच राहते. भिंतीला खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी जाळीच्या खिडक्या, कारण थिनरची वाफ जमिनीलगत राहते. फक्त वरची खिडकी असली तर ती बाहेर जात नाही. विजेचा स्विच बाहेर. आत फळ्यांवर प्लास्टिकच्या खोल थाळ्या. प्रत्येक थाळीत तीवरच्या सर्वांत मोठ्या डब्यातला सगळा माल मावून थोडी जागा उरावी. ॲसिड एका भिंतीला आणि ब्लीच समोरच्या भिंतीला. दाराबाहेर वाळूच्या दोन बादल्या आणि सहा किलोचे एबीसी अग्निशामक. कीटकनाशकांना वेगळे कुलूप. दोन कामगारांना नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, ॲप्रन आणि बूट द्यावेत. सुती हातमोजे रसायन शोषून धरतात, म्हणजे नसल्याहून वाईट.

जमा दिवस दोन असावेत : मे महिन्यातला एक रविवार, पाऊस येण्याआधी, आणि चतुर्थीनंतरच्या पंधरवड्यातला एक. मधल्या काळात पंचायत कार्यालयात फक्त लहान बॅटऱ्या आणि सीएफएल यांची पेटी ठेवावी. पातळ पदार्थांसाठी कधीही उघडी पेटी ठेवू नये, आणि केंद्राच्या दारावर वेळ लिहायला विसरू नये. वेळ कळली नाही की लोक रात्री डबे फाटकाशी ठेवून जातात आणि पाऊस ते उलटे करतो. नोंदवहीत तारीख, वाडा, वस्तू आणि वजन लिहावे, देणाऱ्याचे नाव विचारू नये. बंदी असलेले कीटकनाशक घेऊन आलेल्याला प्रश्न विचारले तर दुसरा माणूस येणार नाही, तो ते ओढ्यात टाकेल. गॅस सिलिंडर, फटाके, बोटीवरच्या संकटाच्या मशाली, काडतुसे मात्र घेऊ नयेत. सिलिंडर वितरकाकडे जावा, बाकीच्यांसाठी पोलिसांना कळवावे.

साठवण लांबवू नये. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कारखान्यांसाठी नव्वद दिवसांची मुदत आहे, तीच पंचायतीने स्वतःला लावून घ्यावी. शेजारच्या चार-पाच पंचायतींनी मिळून एकच गाडी ठरवली तर पिसुर्ल्याची फेरी परवडते. ती गाडी सुक्या कचऱ्याची नसावी.

भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांपर्यंत हे पोचायला हवे. म्हणून पत्रक मराठी-कोंकणीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्येही छापावे आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्यात वस्तूंची चित्रे असावीत. परदेशी असलेल्यांची बंद घरे हा वेगळाच साठा आहे. ती उघडली की एका दिवसात तीन पिढ्यांची औषधे, रंग आणि विषे निघतात. अशा घराच्या राखणदाराला आधी वेळ घेऊन येऊ द्यावे, जमा दिवसाच्या गर्दीत ते नको.

येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा, ही विनंती. त्यात चार गोष्टी असाव्यात : केंद्राची जागा, दोन्ही जमा दिवसांच्या तारखा, सुया व औषधांसाठी आरोग्य केंद्राशी झालेला लेखी व्यवहार, आणि माल कोणत्या प्रकल्पात गेला त्याच्या पावत्या फलकावर लावण्याचा निर्णय. ज्या पंचायती हे करतील तिथल्या कामगारांना वस्तू ओळखणे, वेगळ्या करणे आणि सांडले तर आवरणे हे शिकवायला आम्ही कोणताही मोबदला न घेता येऊ. खोलीचा आराखडा आणि ठरावाचा मसुदाही देऊ.

आपले,
घरगुती घातक कचऱ्याच्या क्षेत्रात काम करणारे गोव्यातील काही नागरिक